सरासरीला सुई लागत नाही

३ जानेवारी, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. शिस्त म्हणजे शिस्त. सत्तावीस वर्षं लोकांचे वजनकाटे तपासतोय. किराणा दुकानातले, औषध कंपनीतले, सोनाराचे, सगळे माझ्या हाताखालून गेले. स्वतःला तेवढं तपासायचं राहिलं होतं. ते काल डॉक्टरीणबाईंनी केलं. तीन महिन्यांच्या साखरेची चाचणी: ८.९. डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर दोन ठिपके. एप्रिलपर्यंत मुदत. आकडा साडेसातच्या खाली आला तर गोळ्यांवर भागेल, नाहीतर इन्सुलिन. आणि डोळ्यांचं मात्र काही सांगता येत नाही, म्हणाल्या.

घाबरलो नाही. नोंद म्हणून लिहितो की हातपाय गार पडले होते, पण दवाखान्यात एसी होता.

३ जानेवारी, दुपारी
जेवण गेलं नाही. मार्चअखेर कंपनीची डोळ्यांची तपासणी असते. नापास झाला की माणूस फिरतीवरून टेबलावर. माझं पोट माझ्या डोळ्यांवर चालतं. केसाएवढी रेघ वाचणारा माणूस आहे मी. टेबलावर बसून काय करू, पावत्यांना टाचण्या मारू?

४ जानेवारी
आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. आपल्या मुलीपेक्षा फार तर चार वर्षांनी मोठी. भात किती, बटाटे किती, बिस्किटं किती, असं पोलिसी पद्धतीने विचारत होती. बिस्किटांच्या बाबतीत मी थोडा हात आखडता घेतला. मग तिने एक पाकीट दाखवलं. बुरशीपासून केलेलं प्रोटीन. म्हणे मोठमोठ्या स्टीलच्या टाक्यांत बुरशी वाढवतात, पाणी काढतात, दाबून वड्या करतात. प्रोटीन भरपूर, तंतू भरपूर, पोट बराच वेळ भरलेलं राहतं. जेवणानंतरची साखर सावकाश चढते असं काही अभ्यासांत दिसलंय, काहींत फारसा फरक दिसला नाही, तेव्हा जादूची अपेक्षा नको, असंही म्हणाली. भाताच्या किंवा बटाट्याच्या जागी खायचं. 'जागी' या शब्दाखाली तिने पेनने दोनदा रेघ मारली. का कोण जाणे.

घरी येऊन मुद्दा लिहून ठेवला: बुरशी साखर खाली आणते.

६ जानेवारी
बुरशीचा पहिला दिवस. दिसायला कोंबडीसारखी, चवीला पुठ्ठ्याच्या खालची आणि खोडरबराच्या वरची. बायको म्हणाली, पावाला बुरशी आली की मी तो फेकून देते, आणि तुम्ही ती मागून घेताय. बायको शाळेच्या लायब्ररीत आहे, तिला जुनाट गोष्टींचा तिटकारा. मुलगी म्हणाली, बाबा, हे पृथ्वीसाठी चांगलं असतं. म्हटलं, आधी माझं होऊ दे, मग पृथ्वीचं बघू.

भाताचं काय करायचं, हा प्रश्न आला. शिजवलेला टाकवत नाही. बुरशीबरोबर खाल्ला.

८ जानेवारी, सकाळी ७.३०
साखर मोजायचं मशीन आणलं. उपाशीपोटी २०५. त्याच सकाळी लॅबमध्ये १९८. म्हणजे मशीन सात जास्त दाखवतं. प्रत्येक यंत्रात चूक असते आणि ती काढून टाकायची असते, हे मला कोणी शिकवायला नको. यापुढे प्रत्येक आकड्यातून सात वजा.

१० जानेवारी
मशीन: २१९. सात वजा: २१२. झोप नीट झाली नव्हती, पंधरा वजा. काल साहेब उगाच ओरडले, दहा वजा. थंडी, पाच वजा. दुरुस्त आकडा: १८२. प्रगती आहे.

बोट मात्र ठणकतंय. सुई एवढीशी, पण जिव्हारी लागते.

११ जानेवारी
जेवताना बायको तिच्या कुठल्यातरी रिपोर्टबद्दल सांगत होती आणि मशीनबद्दल काहीतरी विचारत होती. हं म्हणालो. त्या वेळी मी बुरशीचे तुकडे मोजत होतो. चौदा.

१४ जानेवारी
डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतके दिवस कसं सुचलं नाही! काट्याला दोन पारडी असतात. एका पारड्यात साखर, दुसऱ्यात बुरशी. दोन्हीकडे वजन सारखं ठेवलं की काटा मध्यावर. म्हणजे जेवढे ग्रॅम गोड, तेवढेच ग्रॅम बुरशी. नाव दिलं: समतोल पद्धत. आहारतज्ज्ञ बाईंना हे सुचणं शक्य नव्हतं, त्यांनी कधी काटा उघडून पाहिलेला नाही.

१५ जानेवारी, दुपारी ४
साहेबांचा वाढदिवस. केक. बाकीच्यांनी नुसता खाल्ला, मी शास्त्रशुद्ध खाल्ला. ऑफिसच्या काट्यावर माझा तुकडा ८६.४० ग्रॅम भरला. डब्यातून बुरशी काढून ८६.४० ग्रॅम केली. शेवटचे दोन दशांश जमवायला कात्री लागली. सगळे बघत होते. हाताखालचा दशांश (हे नाव मीच ठेवलंय, कारण तो प्रत्येक आकडा दोन दशांशांपर्यंत बोलतो, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान) म्हणाला की त्यापेक्षा केकच ४३.२० घेतला असता तर? म्हटलं, प्रश्न खाण्याचा नाही, पद्धतीचा आहे.

मग केकचा उरलेला कोपरा दिसला. ५२.१५. पण डब्यातली बुरशी संपली होती. उधारीवर खाल्ला. रात्रीच्या जेवणात ५२.१५ जास्त घ्यायची, विसरायचं नाही.

१६ जानेवारी
विसरलो.

१९ जानेवारी
दहाही बोटांना भोकं. पेन धरवत नाही. रोज टोचण्यात अर्थ नाही, असं ठरवलं. मशीनवर एक बटण सापडलं, ते दाबलं की मागच्या चौदा दिवसांची सरासरी येते. सरासरीला सुई लागत नाही. आणि शेवटी डॉक्टरीणबाईही तीन महिन्यांची सरासरीच बघणार. मग एकेका दिवसाला काय किंमत? आठवड्यातून एकदा, रविवारी टोचायचं. बाकी सरासरी.

आज सरासरी २०४. जुनं पाप.

२६ जानेवारी
सरासरी १६३! फक्त एका आठवड्यात. समतोल पद्धतीचा विजय असो. आनंदात आइस्क्रीम खाल्लं, १२० ग्रॅम, पारड्यात १२० ग्रॅम बुरशी. इतकं पोट भरलं की श्वास घ्यायला त्रास झाला. भूक कमी करते म्हणतात ते खरं आहे. जेवायची अजिबात इच्छा नव्हती. तरी जेवलो, कारण वेळेवर न जेवल्याने साखर बिघडते.

२ फेब्रुवारी, रविवार
टोचलं: १९१. रविवारी उशिरा उठतो, त्यामुळे हा आकडा प्रातिनिधिक नाही. सरासरी: १२२. हा प्रातिनिधिक आहे.

५ फेब्रुवारी
सकाळी स्वयंपाकघरातून रोज सहाच्या सुमारास टक् असा आवाज येतो. फ्रीज जुना झालाय.

९ फेब्रुवारी, रविवार
टोचलं: १८८. सरासरी: ११६. आता एक गंमत. सरासरी माझ्या सगळ्यात कमी आकड्यापेक्षाही कमी येते. गणितात हे बसत नाही. सोनाराच्या काट्याने असं केलं असतं तर मी त्याला जागच्या जागी सील ठोकलं असतं. पण शरीर म्हणजे काही काटा नाही. शरीर मधल्या सहा दिवसांत काय करतं, हे आपल्याला कुठे माहीत असतं? मशीनला माहीत असतं.

१२ फेब्रुवारी
फ्रीजरमधली पाकिटं माझ्या अंदाजापेक्षा लवकर संपताहेत. कंपनी कमी भरत असणार. पाकिटावर ३०० ग्रॅम लिहिलंय. ऑफिसात वजन केलं: ३०२.१४. कंपनी प्रामाणिक निघाली, मूड गेला. मशीनच्या पट्ट्याही संपल्या. पन्नास म्हणून लिहितात आणि देतात किती कोण मोजतंय.

१५ फेब्रुवारी
वजन केलं. तीन किलो दोनशे वाढलं. पण कपडे आठशे ग्रॅम, चष्मा, घड्याळ, सकाळचं पाणी, आणि पोटातली बुरशी, जी माझी नाहीच. सगळं वजा जाता वाढ नाममात्र. बायको शेजारी उभी होती. तिचा स्वेटर तिला ढगळ झालाय. म्हटलं, वॉशिंग मशीन कपडे ताणतं, बघ जरा.

२२ फेब्रुवारी
कँटीनमध्ये समतोल पद्धतीवर छोटं भाषण दिलं. पंधरा-वीस मिनिटं. सगळे शांत ऐकत होते, म्हणजे जेवत होते. दशांशने शंका काढली. दोन्ही पारड्यांत सारखा माल टाकला की काटा मध्ये राहतो हे खरं, पण खालच्या टेबलावरचा भार वाढतच जातो ना? आणि टेबल म्हणजे तुम्ही. मी त्याला म्हटलं, तू अजून शिकतोयस. तो हं म्हणाला आणि पाणी पीत बसला.

असल्या शंका जेवणाच्या वेळी काढू नयेत. घशात अडकतात.

१ मार्च
अकरा वाजता पोटात कावळे ओरडतात. बुरशी खाऊनही. विचार केला. ही भूक नाही, सवय आहे. सवयीशी भांडण्यात शक्ती घालवू नये. व्हॅनमध्ये बिस्किटांचा पुडा ठेवला. व्हॅनमध्ये काटा चालत नाही, गाडी हलते. त्यामुळे बिस्किटं वजनाबाहेर.

४ मार्च
नवीन संकल्प: पुढच्या सोमवारपासून चालायला जाणार. रोज चाळीस मिनिटं. बूट आणले. बायको म्हणाली, मी जातेच रोज, चला माझ्याबरोबर. ही कधीपासून जाते? विचारायचं राहिलं.

१० मार्च, सोमवार
बूट लागतात.

१३ मार्च, संध्याकाळी
आज सोनाराकडे वार्षिक तपासणी. काचेच्या पेटीतला जुना काटा, बारीक आकड्यांची पट्टी. मी वाचलं ०.०३. दशांश नुसता खोकला. परत वाचलं, ०.०३. तो पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, मला ०.०८ वाटतंय, तुम्ही म्हणाल ते लिहितो. दुकानातली ट्यूबलाइट भिकार होती. सोनार म्हणाला, कालच बदलली. लोकांना मध्ये बोलायची सवय असते.

०.०८ लिहिलं.

१३ मार्च, त्यानंतर
तीन आणि आठ यातला फरक मला दिसला नाही. भीती वाटली. खरंच वाटली. येताना व्हॅनमध्ये एक डोळा मिटून पुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचत होतो. मग दुसरा डोळा मिटून. डाव्याने वाचताना मधोमध पाण्याचा थेंब सांडल्यासारखं होतं. दशांशने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

१४ मार्च
काल उगाच काहीतरी लिहिलं. अशक्तपणा होता. सरासरी बघितली: ११२. साखर इतकी चांगली असताना डोळे बिघडतीलच कसे? चष्म्याची काच पुसायचं कापड बदलायला हवं.

२० मार्च
बायको म्हणाली, एकदा रोजचं टोचून बघा ना, मी करते, दुखणार नाही. म्हटलं, चालू मशीन उघडू नये. व्यवस्थित चाललंय. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती हल्ली भात घेतच नाही, नुसती बुरशी आणि भाजी. माझ्या पद्धतीचा घरच्यांवर प्रभाव पडतोय, पण अर्धवट. पारडं एकच भरते.

२८ मार्च
डॉक्टरीणबाईंना द्यायला दोन पानी टिपण तयार केलं. "बुरशी-प्रोटीन आणि साखर: समतोल पद्धतीचे निष्कर्ष". आलेखही काढला. सरासरीची रेघ अशी खाली उतरते की बघत राहावंसं वाटतं. आहारतज्ज्ञ बाईंनाही एक प्रत देणार. तिचं मन मोडणार नाही अशा भाषेत लिहिलंय.

३१ मार्च
कंपनीची डोळ्यांची तपासणी. रांगेत पुढे उभा होतो, त्यामुळे तक्त्याच्या खालच्या दोन ओळी आपोआप तोंडपाठ झाल्या. उजवा डोळा उत्तम. डाव्या डोळ्याच्या वेळी नर्सने ओळ शेवटाकडून वाचायला सांगितली. अडखळलो. अक्षरं उलटी वाचायला लावणं ही डोळ्यांची नव्हे, पाठांतराची परीक्षा झाली. तसं तिला सांगितलं. तिने कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दिसलं नाही.

२ एप्रिल
रक्त दिलं. लॅबवाल्याला आधीच सांगून ठेवलं, आकडा खूपच चांगला आला तर परत तपासू नका, बरोबरच असेल.

४ एप्रिल, दुपारी १
घाईत लिहीत नाही. सगळं क्रमाने लिहितो.

आकडा ९.६.

मी लगेच हरकत घेतली. नमुन्यांची अदलाबदल झाली असणार. मशीन टेबलावर ठेवलं, बटण दाबलं. बघा, सरासरी १०९. डॉक्टरीणबाईंनी मशीन हातात घेतलं आणि सरासरीवर थांबण्याऐवजी मागचे आकडे एकेक करून बघायला लागल्या. असं करता येतं हे मला माहीत होतं. कधी केलं नव्हतं. त्या मोठ्याने वाचत गेल्या. सोमवार सकाळी ६.०५, १०२. मंगळवार ६.०५, ९८. बुधवार ६.१०, १०१. रविवारी ६.०५, ९९. त्याच रविवारी साडेनऊ, २०७. मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही रोज सहाला उठता का हो?

बायको बाजूच्या खुर्चीवर होती. म्हणाली, ते माझे आहेत.

जानेवारीत तिचाही रिपोर्ट आला होता. काठावरची साखर, मधुमेहाच्या उंबरठ्याची. मला सांगितलं होतं म्हणे. मशीन वापरू का, असं विचारलंही होतं, आणि मी हं म्हणालो होतो. मग ती आहारतज्ज्ञ बाईंचाच कागद बघून चालली. भाताच्या जागी बुरशी, रोज चालणं. चार किलो उतरली. तिच्याही चाचणीचा आकडा आज आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उत्तम, आता फक्त असंच चालू ठेवा. मग मी पुढे ठेवलेल्या टिपणाकडे बघत म्हणाल्या, सगळं श्रेय बुरशीचं नाही हं, ताटातून जे गेलं त्याचंही आहे.

मी टिपण परत घेतलं. दुमडून खिशात ठेवलं. तीन महिने मी दुसऱ्याच्या वजनावर माझं नाव लिहीत होतो. पारड्यात कोण बसलंय ते न बघता रीडिंग घेणाऱ्याला मी कामावरून घरी पाठवलं असतं.

बायकोला विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही इतके खूश होतात. आणि गेल्या महिन्यात वीस तारखेला सांगणार होते.

राग काढायला कोणी सापडेना. लाज वाटली. तिच्याकडे बघायचीसुद्धा.

४ एप्रिल, संध्याकाळी
डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. ठिपके दोनाचे सात. डाव्या डोळ्यात सूज. त्यावर उपाय आहेत म्हणाले, पण किती परत येईल ते बघावं लागेल. 'बघावं लागेल' हा शब्द त्यांनी सहज वापरला.

५ एप्रिल
साहेबांनी बोलावलं. फार गोड बोलले. एवढा अनुभव, तो टेबलावरून सगळ्यांना मिळायला हवा, वगैरे. फिरतीवर यापुढे दशांश जाणार. त्याने माझी वजनांची पेटी उचलली, मग थांबला आणि म्हणाला की अडलं तर फोन करीन. कर म्हटलं. त्याला अडणार नाही. मीच शिकवलंय.

संध्याकाळी समतोल पद्धतीत नेमकी कुठे दुरुस्ती हवी याचा विचार करायला बसलो. कागदावर दोन पारडी काढली. बराच वेळ बघितली. मग बायकोने जेवायला बोलावलं. ताटात भात नव्हता. मीही मागितला नाही.

६ एप्रिल, सकाळी ७.००
इन्सुलिनचा पहिला डोस. पेनासारखं असतं. मागचं बटण फिरवायचं, छोट्या खिडकीत आकडा येतो, तो वाचायचा. चष्मा लावला. काढला. खिडकीपाशी उजेडात गेलो, बल्बखाली आलो. काळं काहीतरी दिसत होतं, आकडा दिसत नव्हता.

बायकोला विचारलं, किती आलंय. ती म्हणाली, दहा.

दहा लिहिलं.